परदेशी डीव्हीडी घरच्या प्लेअरवर चालवण्यासाठी: आधी निदान, मग उपाय

अमेरिका, इंग्लंड किंवा जपानमधून आलेली डीव्हीडी आपल्याकडच्या प्लेअरमध्ये चालली नाही, की बहुतेक जण एक तर डिस्क खराब निघाली असे समजतात किंवा प्लेअरच्या लेन्सला दोष देतात. प्रत्यक्षात अनेकदा दोन्ही ठणठणीत असतात. अडथळा असतो तो डिस्कवर मुद्दाम नोंदवलेल्या रीजनचा, म्हणजे ती जगाच्या कोणत्या विभागासाठी आहे हे सांगणाऱ्या आकड्याचा, किंवा टीव्हीच्या चित्रपद्धतीतील फरकाचा, किंवा दोहोंचा एकत्र. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच लोक नको ती बटणे दाबत बसतात. म्हणून या लेखात उपायांइतकेच त्यांच्या क्रमाला महत्त्व दिले आहे. आधी निदान करावे, मग प्लेअरची साधी सेटिंग्ज पाहावीत, त्यानंतर रिमोटचा कोड, त्यानंतर संगणक, आणि फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतली मूळ आज्ञावली, बदलण्यासारखा जोखमीचा उपाय अगदी शेवटी. ज्या पावलावरून मागे येता येत नाही, ते जितके उशिरा टाकाल तितके चांगले.

एवढा खटाटोप करावा का, असा प्रश्न कोणी विचारला तर माझे उत्तर निःसंशय 'करावा' असे आहे. जागतिक सिनेमाची गोडी लागलेल्या माणसाला ठाऊक असते, की कित्येक जुन्या चित्रपटांच्या चांगल्या प्रती भारतात डिस्कवर कधी आल्याच नाहीत आणि स्ट्रीमिंगवर आल्या तरी टिकल्या नाहीत. दिग्दर्शकाचे निवेदन, वगळलेली दृश्ये, जाणकारांच्या मुलाखती असा ऐवज तर अनेकदा त्या परदेशी डिस्कवरच असतो. पैसे मोजून घेतलेली अशी डिस्क केवळ एका आकड्यापायी कपाटात पडून राहणे मला पटत नाही.

रीजनची विभागणी कशी आहे

डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत विक्रीला आली. त्या काळी हॉलिवूडचा चित्रपट अमेरिकेत लागल्यानंतर इतर देशांतील चित्रपटगृहांत पोहोचायला काही महिने सहज जात. तोवर अमेरिकेत डीव्हीडी निघाली आणि ती दुसऱ्या देशात जाऊन पोहोचली, तर तिथल्या तिकीटविक्रीला फटका बसेल, ही निर्मात्यांची धास्ती होती. त्यामुळे जगाचे विभाग पाडून प्रत्येक डिस्क आणि प्रत्येक प्लेअर त्या त्या विभागाशी बांधण्याची अट स्टुडिओंनी घालून घेतली.

रीजन १ मध्ये अमेरिका आणि कॅनडा येतात. रीजन २ मध्ये इंग्लंडसह पश्चिम आणि मध्य युरोप, जपान, मध्यपूर्व, इजिप्त आणि दक्षिण आफ्रिका आहेत. रीजन ३ मध्ये आग्नेय आशिया, दक्षिण कोरिया, तैवान आणि हाँगकाँग, तर रीजन ४ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका. आपला भारत रीजन ५ मध्ये असून पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, रशिया आणि आफ्रिकेचा बहुतेक भाग आपल्या सोबतीला आहे. चीनला रीजन ६ स्वतंत्र दिला आहे. सातवा राखीव आहे आणि आठवा विमाने, जहाजे यांच्यासाठी.

डिस्कवर ही माहिती फार थोड्या जागेत मावते. डिस्कच्या सुरुवातीच्या माहिती-फाइलीत आठ बिटांची एक नोंद असते आणि प्रत्येक बिट एकेका रीजनचा असतो. बिट शून्य असेल तर त्या रीजनच्या प्लेअरला परवानगी, एक असेल तर मनाई. प्लेअर ही नोंद वाचतो, आपल्या मेमरीतील रीजनशी पडताळतो आणि जुळले नाही तर चित्र दाखवायला नकार देतो. यातून दोन गोष्टी लक्षात येतील. एकाच डिस्कला दोन किंवा अधिक रीजन देता येतात, आणि म्हणून इंग्लंडमधील कितीतरी डिस्कवर २ आणि ४ असे दोन आकडे एकत्र छापलेले आढळतात. तसेच ज्या डिस्कचे सगळे बिट शून्य आहेत, ती जगात कुठेही चालते. व्यवहारात अशा डिस्कला आपण 'रीजन झीरो' किंवा 'ऑल रीजन' म्हणतो, मात्र 'झीरो' नावाचा वेगळा विभाग अस्तित्वात नाही.

दुसरा अडथळा: पाल आणि एनटीएससी

रीजनचा प्रश्न सुटला तरी चित्र नीट येईलच असे नाही. भारतात रंगीत दूरदर्शन १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी आले, ते पाल पद्धतीचे. पालमध्ये सेकंदाला २५ चित्रे असतात आणि पालच्या डीव्हीडीवरील प्रत्येक चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते. अमेरिका, कॅनडा, जपान, दक्षिण कोरिया आणि तैवान यांची पद्धत एनटीएससी. तिच्यात सेकंदाला २९.९७ चित्रे आणि ७२० गुणिले ४८० बिंदू. इंग्लंड, युरोप आणि ऑस्ट्रेलियाच्या डिस्क पाल असतात.

जपानचे उदाहरण इथे मुद्दाम ध्यानात ठेवावे, कारण सर्वाधिक घोटाळा तिथेच होतो. जपान रीजन २ मध्ये आहे, म्हणजे रीजनच्या बाबतीत इंग्लंडच्या पंक्तीला, पण त्याची चित्रपद्धत अमेरिकेसारखी एनटीएससी आहे. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्यापैकी पुष्कळांकडे जपानहून आणलेल्या डिस्क असतात. 'रीजन २ ची इंग्लंडची डिस्क चालली, मग ही का नाही?' या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा याच फरकात सापडते. आणखी एक सूचना: जपानी बाजारासाठी काढलेल्या बऱ्याच डिस्कवर इंग्रजी सबटायटल नसतात. विकत घेण्याआधी वेष्टनामागचा तक्ता पाहून घ्यावा.

पाल डिस्कबद्दल एक गोष्ट सिनेमाच्या प्रेमापोटी सांगावीशी वाटते. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी चित्रित होतो. पालसाठी तो बहुधा सरळ २५ च्या वेगाने चालवला जातो, त्यामुळे तो सुमारे चार टक्के जलद धावतो. दीडशे मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि दुरुस्ती केलेली नसेल तर आवाजही जवळजवळ एका अर्ध्या सुराने चढतो. डिस्कवरील वेळ कमी दिसली म्हणून काही कापले आहे असा निष्कर्ष काढू नये. पण संगीताचा कान असलेल्या प्रेक्षकाला हा फरक जाणवतो, आणि एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्यांतून निवड करायची झाल्यास मी तरी एनटीएससी आवृत्तीकडे झुकतो.

पहिली पायरी: डिस्क, प्लेअर आणि पडदा यांच्याकडे नीट पाहणे

वेष्टनाच्या मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात पृथ्वीगोलाचे लहानसे चिन्ह असते आणि त्यात रीजनचा आकडा असतो. त्याच्या आसपास पाल किंवा एनटीएससी ही अक्षरे असतात. हे दोन्ही कागदावर टिपून घ्यावे. मग प्लेअर उलटा करून त्याच्या मागची पट्टी वाचावी. तिथेही तसाच गोल असतो आणि त्यात भारतासाठी बनवलेल्या प्लेअरवर ५ असतो. प्लेअरचा पूर्ण मॉडेल क्रमांकही तिथेच मिळतो. शेवटच्या अक्षरांसकट तो लिहून ठेवावा, कारण एकाच मॉडेलच्या दोन देशांसाठीच्या आवृत्त्यांत केवळ त्या शेवटच्या अक्षरांचाच फरक असतो आणि कोड नेमका तिथेच बदलतो. पट्टीवरच्या आकड्यावर मात्र पूर्ण विसंबू नये. पट्टीवर ५ छापलेले, पण दुकानातून बाहेर पडतानाच सर्व रीजनसाठी मोकळे केलेले प्लेअर भारतात पुष्कळ विकले गेले आहेत.

आता डिस्क घालून पडद्यावर काय दिसते ते शांतपणे पाहावे. 'राँग रीजन', 'रीजन एरर' किंवा 'चेक रीजनल कोड' अशा अर्थाचा संदेश आला तर प्रश्न रीजनचा आहे, तिथे चित्रपद्धत बदलून काही होणार नाही. उलट आवाज व्यवस्थित येतो आहे, पण चित्र काळे-पांढरे आहे, वरून खाली सरकत राहते किंवा आडव्या पट्ट्यांत फाटते, असे असेल तर रीजनचा अडथळा नाहीच. प्लेअर डिस्क मुकाट्याने वाचतो आहे, फक्त टीव्हीला न समजणारे चित्र पाठवतो आहे. टीव्ही प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत रंगवतो; चित्र सरकते ते सेकंदाला पन्नासऐवजी साठ वेळा ते रंगवले जात असल्यामुळे, आणि रंग जातात ते दोन्ही पद्धतींत रंगाची माहिती वाहून नेणारी लहर निरनिराळ्या वारंवारितेची असल्यामुळे. पालमध्ये ती ४.४३ मेगाहर्ट्झ असते, एनटीएससीत ३.५८.

'नो डिस्क' किंवा 'डिस्क एरर' असा संदेश आला तर तो तिसराच प्रकार. अशा वेळी डिस्क मऊ सुती कापडाने मध्यापासून काठाकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून पुसू नये. गोल पडलेला ओरखडा लागोपाठच्या माहितीवरून जातो आणि ती दुरुस्त करणे प्लेअरला जड जाते. तीच डिस्क दुसऱ्या प्लेअरवरही वाचली जात नसेल, तर ती नातेवाइकांनी घरी रेकॉर्ड केलेली आहे का ते विचारावे. लग्न, बारसे, मुलांचे स्नेहसंमेलन यांच्या घरगुती डिस्कना रीजन नसतो, पण ज्या रेकॉर्डरवर त्या केल्या त्यावर 'फायनलाइझ' ही शेवटची क्रिया केलेली नसेल तर त्या बाहेरच्या प्लेअरवर उघडतच नाहीत. त्यावर इलाज मूळ रेकॉर्डरवरच, म्हणजे ज्याने पाठवली त्याच्याकडेच असतो.

दुसरी पायरी: चित्रपद्धतीचे सेटिंग

प्लेअरमधून डिस्क काढून सेटअपमध्ये जावे. 'व्हिडिओ', 'डिस्प्ले' किंवा 'टीव्ही सिस्टीम' या मथळ्याखाली पाल, एनटीएससी आणि 'ऑटो' किंवा 'मल्टी' असे पर्याय असतात. प्लेअर एचडीएमआय केबलने आजच्या एलईडी टीव्हीला जोडला असेल तर 'ऑटो' किंवा 'मल्टी' निवडावे. भारतात विकले जाणारे हे टीव्ही पन्नास आणि साठ हर्ट्झ दोन्ही चित्रे स्वीकारतात, आणि डिस्कवरचे चित्र आहे तसे पुढे जाऊ देणेच उत्तम. मध्ये रूपांतर घडले की कॅमेरा संथपणे बाजूला वळतानाची दृश्ये अडखळल्यासारखी दिसतात.

जुना काचेच्या नळीचा टीव्ही असेल तर आधी त्याच्या स्वतःच्या मेनूत रंगपद्धत 'ऑटो'वर आहे का ते पाहावे. त्याने भागले नाही तर प्लेअरमध्ये 'पाल' निवडावे. मग प्लेअर एनटीएससी डिस्कचे रूपांतर करतो, निदान तिचा रंग पालसारखा करून पाठवतो. रंग आले, पण चित्र किंचित दबलेले दिसले, तर टीव्हीचे उभे माप हलके वाढवता येते. याच मेनूत 'टीव्ही शेप' असतो. रुंद पडद्यासाठी १६:९ आणि जुन्या टीव्हीसाठी ४:३ लेटरबॉक्स ठेवावे. हे चुकले की माणसे उंच आणि किडकिडीत दिसतात, आणि दोष फुकट डिस्कच्या माथी जातो.

हे सेटिंग करताना एक सावधगिरी बाळगावी. चुकीच्या पद्धतीवर गेल्यावर मेनूच दिसेनासा झाला तर घाबरून वीज बंद-चालू करत बसू नये. पुष्कळ प्लेअरच्या रिमोटवर या पद्धती आळीपाळीने बदलणारे बटण असते. डिस्क काढून ते एकेकदा दाबावे आणि प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबावे.

तिसरी पायरी: रिमोटवरचा कोड

संदेश रीजनचाच असेल तर आता प्लेअरचा रीजन बदलायचा. प्रत्येक देशासाठी वेगळे यंत्र बनवणे कंपन्यांना परवडत नाही. यंत्र एकच असते आणि कारखान्यात त्याच्या मेमरीत रीजनचा आकडा भरला जातो. तो भरण्यासाठी ठेवलेला छुपा मेनू अनेक प्लेअरमध्ये घरच्या रिमोटनेही उघडतो.

याचे दोन नमुने पाहू. फिलिप्सच्या डीव्हीपी मालिकेतील डीव्हीपी ६४२ सारख्या मॉडेलमध्ये आधी ट्रे रिकामा करावा, कारण आत डिस्क असताना हवे ते पान उघडत नाही. मग सेटअप दाबून 'प्रेफरन्सेस' या पानावर जावे आणि रिमोटवर १३८९३१ हे आकडे एकामागून एक दाबावेत. पडद्यावर सध्याच्या रीजनचा आकडा उमटतो. वर-खाली बाणांनी तो ० करावा, ओके दाबावे आणि सेटअप दाबून बाहेर यावे. एलजीच्या काही जुन्या मॉडेलांत पद्धत वेगळी आहे: ट्रे उघडा ठेवून पॉज दाबावे, मग ३१४१५९ आणि त्यानंतर ०, आणि पुन्हा पॉज. गणिताच्या विद्यार्थ्याला हे आकडे पाठ असायला हरकत नाही, कारण ती पायची किंमत आहे.

हे दोन कोड जसेच्या तसे दुसऱ्या मॉडेलवर दाबू नयेत. तुमच्या मॉडेलचा पूर्ण क्रमांक आणि 'रीजन कोड' असे शोधल्यास बहुधा नेमकी कृती सापडते. ती निदान दोन ठिकाणी सारखीच आढळली तरच वापरावी. आकडे दाबताना फार वेळ लावू नये, कारण पुष्कळ प्लेअर काही सेकंदांनी मेनूतून बाहेर पडतात. छुप्या मेनूत रीजनखेरीज इतरही आकडे असतात, त्यांना हात लावू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बदल करण्यापूर्वी मूळ आकडा लिहून ठेवावा. बदल झाल्यावर प्लेअर पूर्ण बंद करून, प्लग काढून, मिनिटभराने सुरू करावा आणि मगच डिस्क घालून पाहावी. पुढे कधी 'फॅक्टरी रीसेट' केले तर रीजन पुन्हा ५ वर जाण्याची शक्यता असते, हेही त्याच कागदावर लिहावे.

मोकळ्या प्लेअरलाही अडवणाऱ्या डिस्क

प्लेअर सर्व रीजनसाठी मोकळा करूनही काही अमेरिकी डिस्क घातल्यावर पडद्यावर जगाचा नकाशा येतो आणि ही डिस्क या प्लेअरवर चालणार नाही असा मजकूर झळकतो. बरेच जण इथे हात टेकतात. वास्तविक इथवर पोहोचणे म्हणजे पहिला दरवाजा उघडल्याची खूण आहे. २००० सालापासून वॉर्नर आणि कोलंबिया ट्रायस्टार या स्टुडिओंनी आपल्या काही रीजन १ डिस्कवर आरसीई नावाची जादा तपासणी घातली. साध्या पद्धतीत प्लेअर डिस्कचा रीजन तपासतो. आरसीईत डिस्कवरचा कार्यक्रमच उलट प्लेअरला त्याचा रीजन विचारतो. प्लेअरने 'मी सगळ्या रीजनचा' असे उत्तर दिले की डिस्कला संशय येतो आणि नकाशा पुढे येतो.

यावरचा उपाय सरळ आहे. त्याच छुप्या मेनूत जाऊन ० ऐवजी १ निवडायचा. आता प्लेअर स्वतःला अस्सल अमेरिकी म्हणवतो आणि डिस्क निमूटपणे चालते. चित्रपट संपल्यावर पुन्हा ० करावा. ज्या प्लेअरमध्ये फक्त ० आणि मूळ रीजन एवढेच पर्याय आहेत, त्यांच्यावर अशा डिस्क चालवणे कठीण जाते. म्हणून नवा प्लेअर घेताना 'मल्टीरीजन आहे का' एवढेच न विचारता 'रीजन हाताने निवडता येतो का' असे विचारावे.

चौथी पायरी: संगणक

कोड सापडला नाही, तर संगणक हा पुढचा आधार. पाल-एनटीएससीचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही, कारण संगणकाच्या पडद्याला दोन्ही सारखेच. पण रीजनच्या बाबतीत संगणकाचा ड्राइव्ह घरच्या प्लेअरपेक्षा अधिक कडक असतो, आणि इथे घाई केल्यास कायमचे नुकसान होते.

१ जानेवारी २००० नंतरच्या ड्राइव्हना आरपीसी-२ हा नियम लागू आहे. त्यानुसार वापरणाऱ्याला रीजन फक्त पाच वेळा ठरवता किंवा बदलता येतो आणि पाचव्या वेळी जो रीजन असेल तो कायमचा कुलूपबंद होतो. ही मोजणी विंडोजमध्ये नसून ड्राइव्हच्या चिपमध्ये राहते. त्यामुळे विंडोज पुन्हा टाकून, संगणक बदलून किंवा ड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपला जोडून ती मागे जात नाही. किती संधी उरल्या आहेत हे विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून, डीव्हीडी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधील 'डीव्हीडी रीजन' या पानावर दिसते. नुसते पाहण्याने संधी खर्च होत नाही, देश निवडून ओके दाबल्याने होते.

माझा ठाम सल्ला असा की पडद्यावर 'रीजन बदलायचा का' असा प्रश्न आला तर सवयीने होकार देऊ नये. आधी व्हीएलसी हा मोफत प्लेअर वापरून पाहावा. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवण्याची सोय विंडोजच्या मूळ मीडिया प्लेअरमधून काढून टाकली गेली असल्याने व्हीएलसीची तशीही गरज पडतेच. डिस्कवरचे चित्र सांकेतिक रूपात असते आणि ते उघडायला किल्ली लागते. व्हीएलसीतील लिबडीव्हीडीसीएसएस हे अंग ड्राइव्हने किल्ली दिली नाही तर ती स्वतः शोधण्याचा प्रयत्न करते, आणि म्हणून पुष्कळ ड्राइव्हवर रीजन न बदलताही डिस्क चालते. सुरुवातीला मिनिटभर काहीच हालचाल दिसली नाही तरी थांबावे. काही ड्राइव्ह, विशेषतः लॅपटॉपमधील मात्सुशिता बनावटीचे, रीजन जुळला नाही तर डिस्कवरची माहिती वाचूच देत नाहीत. तिथे व्हीएलसीचाही इलाज चालत नाही. विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांना लिबडीव्हीडीसीएसएस वेगळे बसवावे लागते आणि ते लिबडीव्हीडी-पीकेजी या पॅकेजमधून बसते.

ज्यांच्याकडे रीजन १ च्या भरपूर डिस्क आहेत, त्यांनी यूएसबीने जोडायचा एक बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह केवळ त्यांच्यासाठी घ्यावा, त्याचा रीजन एकदाच १ करावा, वर चिकटपट्टीवर '१' लिहावे आणि पुन्हा त्याला हात लावू नये. पाच संधींची काटकसर करत बसण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आणि निर्धास्त आहे. लॅपटॉपमधून एचडीएमआय केबल टीव्हीला लावली की घरातल्या सर्वांना मोठ्या पडद्यावर चित्रपट पाहता येतो.

दुसरा प्लेअर घेताना, आणि विजेबद्दल

इतके करूनही जमले नाही तर हाताने रीजन निवडता येणारा प्लेअर शोधणे श्रेयस्कर. नव्या दुकानांतून डीव्हीडी प्लेअर जवळपास हद्दपार झाले आहेत, पण मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली अशा ठिकाणी चौकशी करण्यासारखी असते. जाताना चालत नसलेली डिस्क सोबत न्यावी आणि ती तिथेच लावून, पाच-दहा मिनिटे पाहून, मगच पैसे द्यावेत.

परदेशातील नातेवाईक आपला जुना प्लेअर पाठवू म्हणाले, तर प्लग लावण्यापूर्वी मागची पट्टी वाचणे अनिवार्य आहे. पट्टीवर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे असेल तर केवळ पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. फक्त १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो घालताक्षणी जळेल. पिनचा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. अशा प्लेअरला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. डीव्हीडी प्लेअरचा वीजवापर कमी असल्याने शंभर वॉटचा लहान ट्रान्सफॉर्मरही पुरेसा होतो. शिवाय अमेरिकेत विकलेला प्लेअर रीजन १ चा असतो आणि त्यांतील पुष्कळ पाल डिस्क स्वीकारत नाहीत. म्हणजे एक अडचण सोडवताना आपल्याकडच्या डिस्क त्याच्यावर चालेनाशा होण्याचा धोका उरतोच.

फर्मवेअर बदलून रीजन काढण्याच्या फाइली काही मॉडेलांसाठी मिळतात. नेमक्या मॉडेलची फाइल नसेल, किंवा ती लिहिली जात असताना वीज गेली, तर प्लेअर कायमचा निकामी होतो. जिथे भारनियमनाचा भरवसा नाही तिथे इन्व्हर्टरशिवाय हे करूच नये. आणि प्लेअरचे झाकण उघडून आतली तार जोडण्या-तोडण्याचे उपाय तर माहीतगारासाठीच आहेत. वीज बंद केल्यावरही आतल्या पुरवठा-पाटीवरच्या कपॅसिटरमध्ये धक्का बसण्याइतका भार काही वेळ राहतो.

ब्लू-रे आणि कायदा

ब्लू-रेची विभागणी निराळी आहे. अमेरिका, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया 'ए'मध्ये, युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व आणि ऑस्ट्रेलिया 'बी'मध्ये, तर भारत, रशिया आणि चीन 'सी'मध्ये. बऱ्याच ब्लू-रे प्लेअरमध्ये डीव्हीडीचा रीजन रिमोटने बदलतो, पण ब्लू-रेचा बदलत नाही. दोन्ही स्वतंत्रपणे तपासावेत. ४के अल्ट्रा एचडी डिस्कना मात्र रीजनच नसतो, ही संग्राहकांसाठी दिलाशाची गोष्ट आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये घातलेल्या कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कलमात हेतूला स्पष्ट स्थान आहे. विकत घेतलेली अस्सल डिस्क घरात पाहणे वेगळे, आणि तिच्या प्रती काढून वाटणे किंवा विकणे वेगळे. अमेरिकेतील १९९८ चा डीएमसीए हा कॉपीराइट कायदा या बाबतीत अधिक कडक असल्याने, तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी व्हीएलसीपेक्षा रीजन निवडता येणारा प्लेअर घेणे अधिक सुरक्षित.

त्यांची अडचण बहुधा आपल्या उलट असते. मराठी चित्रपट आणि नाटकांच्या पुष्कळ डिस्क सर्व रीजनसाठी मोकळ्या असतात, पण पाल असल्यामुळे अमेरिकेतील प्लेअर त्या नाकारतो. तिथे रीजनचे कोड शोधणे व्यर्थ आहे. पालचे एनटीएससीत रूपांतर करणारा प्लेअर किंवा लॅपटॉप, हेच दोन मार्ग. इथून भेट म्हणून डिस्क पाठवणाऱ्याने वेष्टनावर एनटीएससी लिहिलेली आवृत्ती मिळते का ते आधी पाहावे. आणि घरच्या समारंभाची डिस्क करून घेत असाल तर व्हिडिओवाल्याला ती कोणत्या देशात जाणार हे सांगून एनटीएससी प्रत मागावी, फायनलाइझ केली आहे याची खात्री करावी आणि सोबत त्याच चित्रीकरणाची साधी एमपी४ फाइल पेनड्राइव्हवरही घ्यावी.